पार्किंगमधले आभार

क्लोव्हर गॅप, टेनेसी
११ ऑक्टोबर १९९४

प्रिय ॲडलीन,

सप्रेम आशीर्वाद. आधी तुझ्या गुडघ्यांची विचारपूस करावी हा शिष्टाचार मी जाणतो. परंतु परवाच्या रविवारी जे घडले त्याने मी इतका हादरलो आहे की, ते सांगितल्याखेरीज दुसरे काही सुचणार नाही. शिवाय मला तुझा निवाडा हवा आहे. तू अठ्ठावीस वर्षे डेटनच्या त्या हॉटेलाचा भोजनकक्ष सांभाळतेस. या विषयात आपल्या कुटुंबात तुझ्याइतका अधिकार कोणाचाच नाही.

चर्चमधली उपासना आटोपली की आमच्या शास्त्रवर्गाची अकरा माणसे ‘मिलस्टोन किचन’मध्ये जेवायला जातात, हे तुला ठाऊक आहेच. परवा आमच्या टेबलाला नवी वेट्रेस होती. चाळिशीची, अंगाने किरकोळ, छातीवरच्या पट्टीवर नाव ट्वायला. तिने पाणी आणायला वीस मिनिटे लावली. थंड चहाचे पेले रिकामे झाले ते रिकामेच राहिले. जेवण येत असल्याचे दिसले तेव्हा आम्ही परस्परांचे हात धरले आणि डोळे मिटले. प्रार्थना मी चालवतो. पाऊस, पीक, राज्यकर्ते, रुग्ण आणि परदेशातील धर्मसेवक यांच्यासाठी क्रमाने विनवणी करून मी आभाराच्या भागाकडे वळणार, तोच माझ्या कानाशी आवाज आला.

“आजोबा, देवाला एवढंही सांगा, ताटं गरम आहेत.”

ॲडलीन, सत्तर वर्षांत प्रार्थनेच्या मध्ये कोणी मला तोडलेले नाही. माझा हात धरून बसलेल्या भगिनी ओपल यांनी वळून पाहिले. मी कसाबसा ‘आमेन’ म्हणालो. त्या बाईने ताटे धाडकन ठेवली, माझ्या बाहीवर ग्रेव्ही सांडली, आणि मी मागवलेल्या कॅटफिशऐवजी तळलेली कोंबडी माझ्यापुढे आली. मी मुकाट्याने खाल्ली.

पुढे टिपचा प्रश्न आला. सर्वांची टिप एकत्र ठेवायची आणि किती ते वयाने वडील म्हणून मी ठरवायचे, अशी आमची रीत आहे. मी म्हणालो, काही नाही. टिप ही सेवेची पावती आहे. सेवाच झाली नाही तर पावती कशाची? बंधू लाइल, ज्यांचा छापखाना आहे, ते म्हणाले की रिकामे टेबल सोडून जाण्यापेक्षा देवाचे वचन सोडून जाऊ. त्यांनी खिशातून धर्मप्रचाराचे ते छोटे पत्रक काढले. त्याचा मजकूर मी वसंतात लिहिला आणि लाइल यांनी छापला. त्यांनी ते दुमडून माझ्या बशीखाली सरकवले आणि आम्ही उठलो.

आता ऐक. मी गाडीचे दार उघडत होतो, तेव्हा ती बाई एप्रनसकट पार्किंगमध्ये धावत आली. एका मुठीत तो दुमडलेला कागद होता. तिने माझा हात धरला.

“आजोबा, थांबा. मी आज नीट वागले नाही. ताट चुकवलं, वर तोंडही चालवलं. आणि तुम्ही तरीही... असं कोणी करत नाही हो. आभारी आहे तुमची. मनापासून.”

तिच्या डोळ्यांत पाणी होते. कागद तिने पुरता उलगडलाही नसावा, आणि हा परिणाम! पैशाने हे झाले असते का?

सहा नोव्हेंबरच्या रविवारी आमच्या चर्चचे वडीलमंडळ त्या पत्रकाच्या आणखी पाच हजार प्रती काढायच्या की नाहीत हे ठरवणार आहे. त्याआधी व्यासपीठावर उभे राहून मी या प्रसंगाची साक्ष देणार आहे. मनात एकच किंतु आहे. टिप न ठेवता मी योग्य केले ना? तुझ्या उत्तरानेच तो फिटेल.

तुझा मामेभाऊ,
हार्लन ट्रेडवे

*

डेटन, ओहायो
१७ ऑक्टोबर १९९४

हार्लनदादा,

गुडघे तसेच आहेत. एक दुखतो, दुसरा त्याची समजूत काढतो.

तू निवाडा मागितलास, तर आधी एक प्रश्न. प्रार्थना किती मिनिटं चालली? आईच्या दफनानंतरच्या जेवणात तुझ्या आभार-प्रार्थनेत हॅम थंडगार झालं होतं, आणि अंकल वेन्डेलनी डोळे मिटूनच पाव संपवला होता. तेव्हा तू तरुण होतास. आता तुझ्या ओळखीची रुग्णमंडळी वाढली असणार.

दादा, वेट्रेस चार ताटं हातावर घेऊन येते. दोन पंजात, दोन कोपरापर्यंतच्या भागावर. ती भट्टीतून निघालेली असतात. टेबल प्रार्थनेला बसलेलं असलं तर ठेवता येत नाहीत, कारण सगळ्यांचे हात एकमेकांत गुंतलेले असतात. आणि परत नेताही येत नाहीत, कारण मागे स्वयंपाकी ओरडतो. ती उभी राहते. दोन मिनिटं जमतं. मग ताट जिथे उतरेल तिथे उतरतं, आणि कोंबडी कुणाची, मासा कुणाचा, हे डोक्यातून पार जातं.

दुसरं. तुमच्याकडे तिला तासाला दोन डॉलर तेरा सेंट पगार आहे. बाकीचं गिऱ्हाईक देतं असं धरलेलं असतं. आणि तिच्या टेबलांवर जेवढ्याची विक्री होते, तिच्या तीन टक्के तिने भांडी उचलणाऱ्यांना आणि घासणाऱ्यांना द्यायचे असतात. टिप मिळो न मिळो. म्हणजे तुमच्या अकराजणांना वाढण्याबद्दल त्या बाईने स्वतःच्या खिशातले तीन-साडेतीन डॉलर दिले. उलट तिनेच तुम्हाला टिप दिली म्हण.

तेव्हा माझा निवाडा: वाईट वाढलं तरी ठेवावी. कमी ठेव, मॅनेजरकडे तक्रार कर, तिच्या तोंडावर सुनाव. पण ठेव.

आणखी एक विचारते, नीट उत्तर दे. ते पत्रक दिसायला कसं आहे? आतून नाही विचारत. बाहेरून.

ॲडी

*

क्लोव्हर गॅप
२४ ऑक्टोबर १९९४

प्रिय ॲडलीन,

तुझे पत्र वाचून धक्का बसला, हे लपवत नाही. तीन टक्क्यांची ती रीत मला ठाऊक नव्हती. मी दोघांना विचारले, त्यांनाही नव्हती. ती खरी असेल तर अन्याय आहे. परंतु अन्याय कोणाचा? पुरता पगार न देणारा मालक पाप करतो आणि त्याचे प्रायश्चित्त जेवायला आलेल्याने घ्यावे, हे कोणत्या शास्त्रात बसते? मी चांगल्या कामाला आणि वाईट कामाला सारखेच मोल दिले, तर चांगले काम करणारीचा तो अपमान नव्हे का? तू भोजनकक्षाची व्यवस्था पाहतेस. हाताखालच्या बायकांची बाजू घेणे तुला शोभते. पण निवाडा करताना दोन्ही पारडी पाहावीत.

प्रार्थनेच्या कालावधीविषयी भगिनी ओपल यांना विचारले. त्या म्हणाल्या, घड्याळ पाहणे बरे दिसले नसते.

पत्रक दिसायला अगदी साधे आहे. माझ्या वाढदिवसाला लाइल यांनी त्याची पहिली प्रत उलगडून, मजकूर वर ठेवून, काचेच्या चौकटीत बसवून दिली. ती माझ्या मेजासमोर टांगलेली आहे. सुटी प्रत मी हाती घेऊन पाहिलेली नाही. तुला ठाऊक आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि उजवा त्याच वाटेवर आहे. पत्रकाच्या आतली अक्षरे मोठी आहेत म्हणून चौकटीतून वाचता येतात. लाइल सांगतात की लोक हे पत्रक ज्या उत्सुकतेने उचलतात तशी उत्सुकता दुसऱ्या कोणत्याही पत्रकाबद्दल त्यांनी पाहिली नाही. तीन राज्यांत ते पोहोचले आहे. या वयात एवढे यश मला लाभावे, याचा मी विनम्रपणे आनंद मानतो.

ट्वायलाला मी रेस्टॉरंटच्या पत्त्यावर चिठ्ठी पाठवून सहा तारखेच्या उपासनेचे आमंत्रण दिले आहे. तिला पहिल्या रांगेत बसवावे आणि तिच्यासमोर साक्ष द्यावी, असा विचार आहे. उत्तर आलेले नाही. काल ती दुसऱ्या टेबलांवर होती. आमच्याकडे तिने एकदाही पाहिले नाही. मी तो संकोच समजतो.

तुझा,
हार्लन

*

डेटन
२७ ऑक्टोबर १९९४

हार्लनदादा,

हे पत्र बसून वाच. सोबत एक कागद आहे. तो आधी दुमडलेलाच पाहा, उजव्या डोळ्याने, खिडकीपाशी. मग उलगड.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सहाजण आले. बाहेर टेनेसीच्या नंबरची गाडी होती. बोलायला गोड माणसं. तीन वेळा कॉफी, दोनदा अंडी परत, एका मुलीला सिरप वेगळ्या वाटीत. मी सगळं केलं. हो दादा, मीच केलं. मी भोजनकक्ष सांभाळते म्हणजे त्यातली सहा टेबलं सांभाळते. जेराल्ड संसार सोडून गेला त्या वर्षी मी ट्रे उचलला तो अजून खाली ठेवलेला नाही. मी ‘हॉटेलात आहे’ एवढंच लिहिलं होतं; पुढचं तू तुझ्या मनाने रचलंस. ते इतकं छान होतं की मी दुरुस्त केलं नाही.

ती माणसं गेल्यावर बशीखाली वीसची नोट दिसली, दुमडलेली. मी ती एप्रनच्या खिशात टाकली आणि स्वयंपाक्याला सांगितलं, आज घरी जाताना गुडघ्याचा पट्टा घेणार. पाळी संपेपर्यंत मला पाय दुखल्याचं आठवत नाही. मग दुकानात गेले, पट्टा काउंटरवर ठेवला आणि नोट उलगडली. दुकानातला माणूस सभ्य होता. त्याने पट्टा उचलून परत खुंटीला लावला आणि दुसरीकडे पाहत राहिला.

दादा, मी तो कागद तिथेच फाडणार होते. पण आतला मजकूर दिसला. ‘नाण्यावर ज्याची मुद्रा, नाणं त्याचं. मग सांग, तुझ्यावर कोणाची मुद्रा आहे?’ आई गेल्यावर तू मला जे पत्र पाठवलं होतंस, त्यात हेच वाक्य आहे. ते पत्र मी तेहतीस वर्षं जपलंय. त्या एका वाक्यावर मी काही फार वाईट वर्षं काढली.

अडीच महिने हे तुला कळवलं नाही. तू लिहिलंस म्हणजे तूच असं छापून घेतलंस असं नसेल, अशी आशा होती. म्हणून बाहेरून कसं दिसतं ते विचारलं. तुझं उत्तर वाचून मला बरं वाटलं, आणि मग लगेच त्या ट्वायलाची आठवण झाली. ती पार्किंगमध्ये का धावत आली, हे आता तुला मी सांगायला नको.

ॲडी

*

क्लोव्हर गॅप
३१ ऑक्टोबर १९९४

ॲडलीन,

तुझा कागद खिडकीपाशी पाहिला आणि मी चौकट भिंतीवरून काढली. मागचे चार खिळे उपटले. कागद उलटा केला.

हिरवा रंग. कोपऱ्यात वीसचा आकडा. राष्ट्राध्यक्षांचा अर्धा चेहरा, दुमडलेल्या नोटेवर दिसतो तेवढाच. खाली बारीक अक्षरांत: ‘निराश झालात? खरे धन आत आहे.’

हा कागद सात महिने माझ्या डोळ्यांसमोर टांगलेला होता आणि मी रोज त्याची एकच बाजू वाचत होतो.

मला लिहिणे जड जाते आहे. खोट्या वजनांबद्दल आणि खोट्या मापांबद्दल चाळीस वर्षे मी शिकवले. बाजारातल्या त्या माणसाचे चित्र मी वर्गात इतके हुबेहूब काढत असे की मुले मागे वळून पाहत. तो माणूस मीच होतो. शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे मागे वळून उचलू नयेत, ती वेचणाऱ्यांसाठी सोडावीत, या आज्ञेवर तर मी एक पूर्ण हिवाळा घालवला. काल ती पुन्हा काढली. तीत कुठेही असे म्हटलेले नाही की वेचायला येणाऱ्या बाईने आधी मालकाशी नीट वागून दाखवावे. ‘सेवेची पावती’ हा शब्द माझा आहे, शास्त्राचा नाही. कडा कापून घेणारा निदान कडा कापतो. आम्ही तिथे कागदाची कणसे लावून ठेवली.

आणि ती बाई. तिने माझा हात धरला आणि क्षमा मागितली. एवढ्या वाईट सेवेनंतरही एका म्हाताऱ्याने वीस डॉलर ठेवले, म्हणून. ‘असं कोणी करत नाही’ असे ती म्हणाली. ते खरेच होते. मीही केले नव्हते. तिचे अश्रू मी माझ्या मजकुराच्या खात्यावर घेतले, आणि येत्या रविवारी तिला पहिल्या रांगेत बसवून, दोनशे माणसांपुढे, देवाच्या नावाने खोटी साक्ष देणार होतो.

तुझा पट्टा खुंटीवर परत गेला. हे वाक्य मी ओलांडून पुढे जाऊ शकत नाही.

लाइल यांना अजून भेटलो नाही. काय करावे ते मला कळत नाही. तू सांग.

हार्लन

*

डेटन
३ नोव्हेंबर १९९४

दादा,

घाईत लिहिते, शनिवारच्या आत पोहोचावं म्हणून.

रविवारच्या आधी तिच्याकडे जा. दुपारी तीनच्या सुमारास जा, तेव्हा टेबलं रिकामी असतात. तिला ड्यूटीवर बसता येत नाही, तेव्हा तूही बसू नकोस. पाकीट देऊ नकोस, पाकिटात माणूस स्वतःला लपवतो. शास्त्र सांगू नकोस. ती काय बोलेल ते ऐक आणि मध्ये तोडू नकोस. तिने तुला तोडलं होतं, पण तिच्या हातात ताटं होती.

माझ्या पट्ट्याचं मनाला लावून घेऊ नकोस. सप्टेंबरात घेतला. टोचतो.

ॲडी

*

क्लोव्हर गॅप
१४ नोव्हेंबर १९९४

प्रिय ॲडलीन,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र पाच तारखेच्या शनिवारी दुपारच्या डाकेने मिळाले आणि मी तसाच निघालो.

ट्वायला मिठाच्या बाटल्या भरत होती. मी टेबलाशी उभा राहिलो. तिने मला ओळखले आणि बाटल्या भरणे चालू ठेवले. मी सांगितले की तो मजकूर माझा आहे, बाहेरची नोट मी पाहिली नव्हती, पण टिप ठेवू नये हा निर्णय माझा होता, आणि पार्किंगमध्ये तिने आभार मानले ते मी घेतले. एवढे बोलायला मला फार वेळ लागला नाही. मी स्वतःच चकित झालो.

तिच्या उजव्या हातावर, कोपराखाली, तपकिरी डाग होता. त्या दिवशीचा का, असे मी विचारले.

“राज्यकर्त्यांपर्यंत काही वाटलं नाही,” ती म्हणाली. “आजाऱ्यांना पोळायला लागलं. परदेशातल्या सेवकांपर्यंत धरलं, मग हात सुटला.”

ॲडलीन, तिने माझी प्रार्थना शब्दशः ऐकली होती. त्या टेबलावर दुसऱ्या कोणी ऐकली असेल असे वाटत नाही.

पुढचे तिने सांगितले ते असे. पार्किंगमधून ती आत गेली आणि भांडीवाल्यांचा हिस्सा द्यायला नोट मोडावी म्हणून तिने ती काउंटरवर दिली. तिथल्या माणसाने ती उलगडली आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज चढवून. लोक पोट धरून हसले. आठवडाभर तिला स्वयंपाकघरात ‘वीसवाली’ म्हणत होते. वर माझी चिठ्ठी आली, पहिल्या रांगेत बसायला या. तिला वाटले, आता देवळातही हसायचे असेल.

मी खिशातून वीस डॉलर काढून टेबलावर ठेवले. तिने ते बाटलीच्या बुडाने माझ्याकडे सरकवले.

“पैसे ठेवा तुमच्याकडे. मला माझे आभार परत द्या.”

मी म्हणालो, ते कसे परत करायचे ते मला कळत नाही.

“मलाही नाही,” ती म्हणाली. “पण ते तुमच्याकडे राहिलेत, आणि मला ते सहन होत नाही. रोज माणसं टिप ठेवत नाहीत, त्याचं मला काही वाटत नाही, मी शिव्या देते आणि विसरते. पण तुमच्या मागे मी पळत आले हो.”

मी पैसे उचलून खिशात ठेवले. ती दुसऱ्या टेबलाच्या बाटल्यांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी चौकट घेऊन व्यासपीठावर गेलो. आधी मजकुराची बाजू दाखवली, मग उलटी करून दुसरी. बशीखाली काय ठेवले, ती का धावत आली आणि मी त्यातून काय समजलो, ते सांगितले. तिचे नाव घेतले नाही. तुझेही नाही. काही माणसे खाली पाहत होती. काहीजण आपल्या पाकिटांवर हात ठेवून बसले होते. त्यांत त्या पत्रकांच्या घड्या असणार.

लाइल मला नंतर मागच्या खोलीत भेटले. ते कपटी माणूस नाहीत. मी त्यांना तीस वर्षे ओळखतो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बंधू हार्लन, मजकूर नाण्याचा होता, म्हणून मी नोट छापली,” ते म्हणाले. “साधा कागद कोणी उचलत नाही. उचललाच नाही तर वाचणार कसा?”

मी म्हणालो, वाचला, लाइल. काउंटरवर मोठ्याने वाचला. कसा वाचला तेही सांगितले. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ टोपीची कड फिरवत राहिले.

वडीलमंडळाने पाच विरुद्ध तीन मतांनी छपाई नामंजूर केली. लाइल यांनी उरलेली दोन खोकी माझ्या अंगणात आणून ठेवली, पण घंटा वाजवली नाही. आता ते आणि आणखी तिघे रविवारी दुसरीकडे जेवतात. भगिनी ओपल म्हणतात, माझ्याकडून दहा वर्षांत एवढे लहान प्रवचन झाले नव्हते आणि एवढे महागही नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मी बसने डेटनला येत आहे. तुझ्या घरी नंतर. आधी तुझ्या सहा टेबलांपैकी एकावर बसेन, सकाळच्या पाळीला. तू काय आणशील ते खाईन. अठ्ठावीस वर्षांत माझ्या बहिणीने मला एकदाही वाढलेले नाही, आणि मी तिला कधी विचारलेही नाही की तिचे गुडघे कशाने दुखतात.

आता कालच्या रविवारचे सांगतो, कारण तुझा निवाडा मी मागितला होता आणि मी तो पाळला की नाही हे तुला कळायला हवे.

आम्ही सातजण होतो. आमचे टेबल ट्वायलाकडेच आले. तिने मागून घेतले असे समजू नकोस, पाळीच तिची होती. जेवण येण्याच्या आधीच, टेबल रिकामे असतानाच, मी हात धरायला सांगितले आणि म्हणालो, “प्रभू, या अन्नाबद्दल आणि ते आणणाऱ्या हातांबद्दल तुझे आभार. आमेन.” भगिनी ओपल यांनी डोळे उघडून मला बरे वाटत नाही का असे विचारले.

ट्वायला ताटे घेऊन आली. ती माझ्याशी बोलली नाही. मी पुढचे ताट तिच्या हातावरून उचलायला गेलो, तर तिने कोपर मागे घेतले आणि ते स्वतःच ठेवले. चहाचे पेले दोनदा मागावे लागले. मक्याचा पाव थंड होता. मी कॅटफिश सांगितला होता आणि माझ्यापुढे पुन्हा कोंबडी आली. चुकून आली की कसे, ते मी विचारले नाही. शेवटच्या हाडापर्यंत खाल्ली.

सेवा वाईट होती, ॲडलीन. मागच्या वेळेपेक्षाही वाईट, कारण या वेळी प्रार्थनेचा अडथळा नव्हता. मी सर्वांना सांगितले की बिलाचा पाचवा हिस्सा ठेवायचा आहे. एकाने विचारले, कशाबद्दल? मी म्हणालो, शेताला कड असते तशी. नोटा मी दुमडल्या नाहीत. एकेक सपाट करून, टेबलाच्या मधोमध, बशीच्या बाहेर मांडल्या. त्या दोन्ही बाजूंनी नोटाच आहेत हे मी आधी खिडकीपाशी नेऊन पाहिले होते.

मग मी पार्किंगमध्ये गेलो. बाकीचे गाड्यांत बसले. मी दार उघडले नाही, दाराला हात लावून उभा राहिलो. काचेतून ती दिसत होती. तिने नोटा उचलल्या, एप्रनच्या खिशात घातल्या, बश्या एकावर एक रचल्या, फडके फिरवले. एकदा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिलो.

ती बाहेर आली नाही. तिने बश्या उचलल्या आणि आत गेली, आणि मग कुठे मी गाडीत बसलो.

तुझा,
हार्लन